अर्धवट दात, अख्खा बॉम्ब

हाबो उल्फर्ट्सने दात साफ करून घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यातून पोलीस, रुग्णवाहिका आणि महायुद्धातला एक बॉम्ब निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला फक्त गायचं होतं.

गायचं म्हणजे खलाशांची गाणी. उत्तर समुद्राच्या काठावरच्या त्या छोट्या बंदरात अशी गाणी गाणारं पुरुषांचं एक मंडळ होतं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे, गळ्यात निळे रुमाल आणि चेहऱ्यावर वादळातून आत्ताच परतल्याचा भाव. मंडळात दोन करवसुली कारकून होते, एक औषधविक्रेता होता, एक विमा एजंट होता. समोरच्या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीपलीकडे कोणाचाही समुद्राशी संबंध आलेला नव्हता, आणि त्या बोटीतही निम्म्यांना मळमळायचं. हाबो स्वतः भूमापन कार्यालयात होता. लोकांच्या कुंपणांची भांडणं मोजण्यात त्याचा दिवस जायचा आणि संध्याकाळी तो दुसऱ्या रांगेत उभा राहून गाण्यातला नांगर उचलायचा.

मंडळाचा जुना मुख्य गायक मुलीकडे दक्षिणेत राहायला गेला आणि संचालिका फ्राउ पोपिंगा यांनी नांगराच्या गाण्यातला एकट्याचा भाग हाबोला दिला. त्यासोबत मुख्य गायकाचा लाल रुमालही मिळायचा होता. या गाण्यात एक लांबलचक ‘ओ’ आहे. नांगर पाण्यातून निघतो तिथे तो सुरू होतो आणि नांगर डेकवर पडेपर्यंत टिकवावा लागतो. दुसऱ्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाच्या आयुष्यात असा ‘ओ’ एकदाच येतो. त्यातून शुक्रवारी बंदराच्या जत्रेत कार्यक्रम, आणि तो चित्रित करायला प्रादेशिक टीव्हीवाले येणार.

इथपर्यंत सगळं आनंदाचं होतं. मग हाबोच्या बायकोने, गेशेने, तालमीचं फोनवर चित्रण केलं. ‘ओ’ आला तेव्हा तिने प्रेमापोटी चित्र मोठं केलं. रात्रीच्या जेवणाआधी दोघांनी ते स्वयंपाकघरात पाहिलं.

“ते तपकिरी काय आहे?” हाबोने विचारलं.

“तुझे दात.”

“दात नाही गं. त्यांच्या जागी ते तपकिरी दिसतंय ते.”

“तेच.”

यात हाबोचा वैयक्तिक दोष नव्हता, हे इथे स्पष्ट करायला हवं. त्या मुलखात माणसं दिवसातून चार-पाच वेळा चहा पितात; काळा, कडक, तळाशी खडीसाखर आणि वर सायीचा ढग. एका बैठकीला तीन कप हा किमान शिष्टाचार. तिसऱ्याआधी नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या घराण्यावर शंका घेणं. पन्नास वर्षांचा हा शिष्टाचार हाबोच्या दातांवर जमा झाला होता.

“टीव्हीवर हे असं दिसणार?” तो म्हणाला.

“त्यांचा कॅमेरा माझ्या फोनपेक्षा चांगला असतो,” गेशे म्हणाली. “याहून स्पष्ट दिसेल.”

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून ओन्नो साथॉफचं डोकं वर आलं. ओन्नो शेजारी, तोही मंडळात, तोही दुसऱ्या रांगेत. त्या ‘ओ’वर त्याचाही डोळा होता, ही गोष्ट दोघांनीही कधी उच्चारली नव्हती.

“मॉइन, हाबो. दात साफ करून घेतोयस म्हणे.”

“तुला कोणी सांगितलं?”

“ते सोड. करू नकोस. माझ्या मेहुण्याने केले होते. लोखंडी आकडी घालून खरवडतात रे. हिरड्या अशा सुजल्या की आठवडाभर त्याला ‘ओ’ म्हणता येईना. नुसता ‘उ’ निघायचा.”

“तुझा मेहुणा मुळात तोंडच उघडत नाही.”

“तेव्हापासूनच!” ओन्नो म्हणाला. “मी म्हणतो, खायचा सोडा लाव, चोळ, सोडून दे. आणि शुक्रवारी बरं वाटलं नाही तर मनावर घेऊ नकोस. मला सगळे शब्द पाठ आहेत.”

आकडीचं नाव निघालं आणि हाबोची झोप उडाली. लहानपणी त्याचे दात ज्या डॉक्टरने खरवडले होते, तो आधी आरमारात जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले काढत असे, अशी गावात वदंता होती. पण गेशे हार मानणारी नव्हती. तिने नव्या दवाखान्याचं माहितीपत्रक आणून मोठ्याने वाचलं.

“आकडी नाही, खरवडणं नाही. आधी दातांना रंग लावतात, म्हणजे मळ कुठे आहे ते कळतं. मग कोमट पाणी आणि अगदी बारीक पूड यांचा हलका फवारा. वेदनारहित.”

“म्हणजे गाडी धुतात तसं.”

“गाडी कधी ओरडली का?”

आरोग्य विम्याच्या कार्यालयाला फोन करणं ओघाने आलंच. त्या देशात परवानगी न विचारता शिंकलं तरी चालतं, पण मनाला चैन पडत नाही.

“सफाईचं कारण?” पलीकडचा माणूस म्हणाला.

“गायन.”

“तुम्हाला काही दुखतंय का?”

“अजून नाही.”

“गाणं हा आजार नाही, हेर उल्फर्ट्स.”

“तुम्ही आमचं मंडळ ऐकलेलं दिसत नाही,” गेशे मागून ओरडली, आणि अर्ज तिथेच निकालात निघाला.

दवाखान्यात भेटीची वेळ मिळाली ती नोव्हेंबरातली. जुलै चालू होता. हाबोने स्वागतिकेला ‘ओ’पासून सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली की फार हृदयस्पर्शी आहे, नोव्हेंबरातली सकाळ हवी की दुपार? पण गुरुवारी तिचाच फोन आला. कोणीतरी वेळ रद्द केली होती. शुक्रवारी सकाळी या. कार्यक्रमाच्याच दिवशी! हाबो फोन ठेवून स्वयंपाकघरात नाचला. भूमापन खात्यातला माणूस नाचतो तसा, चौकोनात, पण नाचला.

शुक्रवारी खुर्चीत त्याला फ्राउ डेत्मेर्स भेटल्या. दात सफाईचं काम त्यांच्याकडे होतं. वय तिशीच्या आत, आणि आपल्या यंत्राचा अभिमान इतका, की तरण्या मुलाला पहिल्या मोटारसायकलचाही नसेल.

“दातांवर जंतूंचा थर असतो तो दिसत नाही,” त्या आनंदाने म्हणाल्या. “न दिसणारी गोष्ट साफ कशी करणार? म्हणून आधी रंग. गुलाबी दिसेल तो थर नवा, जांभळा दिसेल तो जुना. आ करा.”

आ केला. रंग लागला. आरसा आला. आरशात गुलाबी कुठेच नव्हतं.

“जांभळा म्हणजे किती जुना?” हाबोने क्षीण आवाजात विचारलं.

“मी पुरातत्त्व शिकलेले नाही, हेर उल्फर्ट्स. खालून सुरुवात करू या.”

आणि मग ते सुरू झालं. हाबोने खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले, जहाजाच्या बुडाचा विचार केला, आणि काहीच झालं नाही! म्हणजे झालं ते असं, की दातांवरून कोमट, गोडसर वाऱ्याची झुळूक फिरली. हिरड्यांना गुदगुल्या झाल्या. हाबोने एक डोळा उघडला, मग दुसरा. त्याला हसू फुटायला लागलं. आयुष्यभर ज्याला घाबरलो ते हे? त्याने नकळत नांगराचं गाणं गुणगुणायला घेतलं.

“गुणगुणू नका, फवारा नाकात जाईल,” फ्राउ डेत्मेर्स म्हणाल्या. पण खूश होऊन म्हणाल्या.

खालचा जबडा संपला. आरशात खालचे दात चिनी मातीच्या नव्या कपासारखे चमकत होते. वरचे गडद जांभळे. मधोमध रेघ आखावी तशी हद्द. हद्द कशी असावी हे हाबोला व्यवसायामुळे कळत होतं. इतकी सुरेख हद्द त्याने नकाशावरही पाहिली नव्हती. “आता वर!” तो उत्साहाने ओरडला, आणि दार उघडून पोलीस आत आला.

पलीकडच्या रस्त्यावर पोहण्याच्या नव्या तलावासाठी खोदकाम चालू होतं. तिथे बॉम्ब सापडला होता. विमानातून पडलेला, न फुटलेला, युद्धापासून मातीत झोपलेला. त्या देशात हे अधूनमधून होतं. लोक घाबरत नाहीत. इस्त्री बंद करतात, मांजर पिशवीत घालतात आणि सांगितलं त्या शाळेत जाऊन बसतात.

“सगळे बाहेर,” पोलीस म्हणाला. “लगेच.”

“फक्त वरचे दात राहिलेत,” फ्राउ डेत्मेर्स म्हणाल्या. “बॉम्ब ऐंशी वर्षं थांबलाय. अजून जरासा थांबेल.”

“त्याला थांबायची परवानगी आहे. तुम्हाला नाही.”

हाबोने घाईत बाहीनेच तोंड पुसलं, त्याने जांभळा रंग ओठांवर पसरला, आणि अशा अवस्थेत तो अर्ध्या गावाबरोबर शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचला. फ्राउ डेत्मेर्स शेजारी चालत बजावत होत्या, “घासून थोडा रंग जाईल, सगळा नाही, जुना थर तो सोडत नाही. पण मुख्य गोष्ट ऐका. खालचे दात आत्ता अगदी उघडे आहेत. काही तास रंगाचं काही प्यायचं नाही, लगेच डाग धरतील. चहा तर मुळीच नाही.”

“चहा नाही,” हाबो म्हणाला. हे शब्द आपण आयुष्यात पहिल्यांदा उच्चारतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही.

व्यायामशाळेत रेड क्रॉसच्या स्वयंसेवकांनी अर्थातच आधी चहा मांडला होता. खाटा नंतर. एक जाडजूड बाई किटली घेऊन हाबोपुढे उभी राहिली. हाबोने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

“घ्या हो. ताजा आहे.”

हाबोने पुन्हा मान हलवली. हॉलमधली सगळी डोकी एकदम त्याच्याकडे वळली. पहिला कप नाकारलेला माणूस त्यांच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

“हाबो?” गर्दीतून ओन्नो पुढे आला. “काय झालं रे? अरे, ओठ बघा याचे!”

“कसे आहेत?”

“जांभळे!”

“चहा नको म्हणतोय,” किटलीवाली बाई कुजबुजली. “दोनदा.”

“हृदय,” कोणीतरी म्हणालं.

हाबो समजावून सांगायला गेला. त्यासाठी तोंड उघडावं लागलं. आतलं दृश्य पाहून किटलीवाली बाई मागे सरली आणि दोन स्वयंसेवकांनी त्याला सरळ स्ट्रेचरवर आडवं केलं. त्याने उठायचा प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले की अस्वस्थपणा हेही लक्षण आहे. प्राणवायूचा मुखवटा चढला. मुखवट्यातून ‘रंग! नुसता रंग!’ असे जे शब्द निघाले त्यावरून त्याला भ्रम होतोय हे सर्वांच्या लक्षात आलं. ओन्नो तोवर फोनवर होता. “फ्राउ पोपिंगा? मी ओन्नो. फार वाईट बातमी आहे. नाही, मी ठीक आहे. हो, शब्द पाठ आहेत.”

फ्राउ डेत्मेर्स मांजरांच्या पिशव्यांवरून उड्या मारत आल्या तेव्हा रुग्णवाहिकेचं दार लागत होतं.

“अहो, त्यांना काही झालेलं नाही! रंग मी लावलाय!”

“असेल,” चालक म्हणाला. “पण आता ते आत आहेत. एकदा आत घेतलेला माणूस डॉक्टरने पाहिल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.”

“मग मीही येते. माझं काम अर्धं राहिलंय त्यांच्यात.”

शेजारच्या गावातल्या रुग्णालयात डॉक्टरने हाबोला तपासलं, तोंडात पाहिलं, खूप वेळ पाहिलं, मग खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत उभा राहिला. हृदय उत्तम होतं. जा म्हणाला. पण रुग्णालयातून जायचं तर परिचारिकेची सही लागते, आणि ही परिचारिका त्याच मातीतली होती.

“इथे लिहिलंय, रुग्णाने पेय नाकारलं,” ती म्हणाली. “पेय घेतल्याचं मी पाहिल्याशिवाय सोडता येणार नाही.”

“पाणी द्या,” हाबो म्हणाला. “बादलीभर द्या.”

“पाणी कोणीही पितं. पाण्यावरून काय कळतं? तुम्ही नाकारला होता चहा.”

“त्यांना चहा चालणार नाही!” फ्राउ डेत्मेर्स कडाडल्या. “खालचे दात उघडे आहेत!”

“मग राहू देत ते सोमवारपर्यंत. खाट रिकामी आहे.”

कार्यक्रमाची वेळ जवळ येत होती. एवढ्यात गेशे धावत आत आली. तिलाही ओन्नोने फोन केला होता. एका हातात गाण्याचा सदरा, चेहरा पांढराफटक. “हाबो! हृदय म्हणे…” हाबोने तिच्याकडे पाहून हसायची चूक केली. गेशेने ते हसू पाहिलं, भिंतीला पाठ लावली, हळूहळू खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. मधेच ती थोडी रडलीही, पण ते तिने हसण्यात मिसळून टाकलं.

“आता सांग,” हाबो म्हणाला, “दात वाचवू की ‘ओ’ वाचवू?”

“दात नोव्हेंबरातही मिळतील,” गेशे म्हणाली.

हाबोने कप घेतला. परिचारिकेने घड्याळ न पाहता, गप्पा मारत, शिष्टाचाराने तीन कप पाजले आणि मग सही केली. फ्राउ डेत्मेर्स यांनी तोंड फिरवलं होतं. रुग्णालयाच्या दुकानातून विकत घेतलेल्या ब्रशने त्यांनी जाता जाता गेशेच्या गाडीतच हाबोचे वरचे दात घासून पाहिले. गडद जांभळ्याचा फिकट जांभळा झाला. “आता निदान वसंत ऋतूसारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या.

बंदरावर जत्रा भरली होती. व्यायामशाळेतलं सगळं गाव, पिशवीतल्या मांजरांसह, तिथेच आलं होतं, कारण घरी जाता येत नव्हतं. पाण्याच्या पलीकडे, बंद केलेल्या भागात, बॉम्ब अजून तसाच होता. मंचावर मंडळ उभं होतं आणि पुढे ओन्नो होता, गळ्यात लाल रुमाल. हाबो गर्दी कापत मंचापर्यंत आला. “हा तर मेला होता,” किटलीवाली बाई म्हणाली.

“मी आलोय,” हाबो म्हणाला. “रुमाल काढ.”

“तुझी तब्येत, हाबो…”

“रुमाल काढ, ओन्नो.”

ओन्नोने इकडेतिकडे पाहिलं. मग खांदे उडवले आणि रुमाल सोडला. “घे बाबा. तसेही टीव्हीवाले गेले.”

“कुठे?”

“बॉम्बाकडे. दुपारीच गेले. बॉम्ब असताना आपल्याला कोण दाखवतंय?”

हाबो रुमाल हातात घेऊन उभा राहिला. ज्या कॅमेऱ्यापायी तो जांभळा झाला, आडवा झाला, तीन कप प्याला, तो कॅमेरा पाण्यापलीकडे एका गंजलेल्या लोखंडावर रोखलेला होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो वाट पाहत राहिला, पण वाटेना. उलट छातीत काहीतरी मोकळं झालं.

“हेर उल्फर्ट्स,” फ्राउ पोपिंगा म्हणाल्या, “तोंड उघडून गाणार असाल तर गा. मिटून गायचं असेल तर मागच्या रांगेत जा.”

अकॉर्डियन सुरू झालं. दुसऱ्या रांगेने दोर ओढले, पहिल्या रांगेने शिव्या घातल्या, आणि नांगर पाण्यातून निघाला. हाबोने तोंड उघडलं. पार उघडलं, खाली चहा, वर वसंत ऋतू, सगळं गावासमोर मांडून. पुढच्या रांगेतली मुलं किंचाळली. नंतर त्यांचा आवाज कोणाला ऐकू आला नाही, कारण तो ‘ओ’ आला होता. तो बंदरावर पसरला, बोटींच्या शिडांमधून गेला आणि पाण्यावर सरकत पलीकडे निघाला. नांगर डेकवर पडला तरी हाबो थांबला नाही. फ्राउ पोपिंगांनी हात खाली केला, तरी थांबला नाही. अकॉर्डियनवाल्याने पान उलटून पाहिलं. हाबोने श्वास असेपर्यंत गायलं आणि मग, लाल चेहऱ्याने, तो थांबला.

गाव उठून उभं राहिलं. ओन्नोने सगळ्यांत आधी टाळी वाजवली की शेवटी, यावर अजून वाद आहे. वाजवली एवढं नक्की.

थोड्या वेळाने भोंगा वाजला. बॉम्ब निकामी झाला होता. घरी जाण्याऐवजी सगळे बंदरावरच्या खाणावळीत शिरले आणि टीव्ही लावला. बातम्यांत पहिलीच बातमी त्यांचीच होती. मघाच्या चित्रणात वार्ताहर बाई दोरीच्या अलीकडे उभी राहून दबक्या आवाजात सांगत होती, की तज्ज्ञ या क्षणी बॉम्बची कळ फिरवत आहेत, संपूर्ण शहर निःशब्द आहे. कॅमेरा पुढे सरकला. पडद्यावर बॉम्ब आला, गंजलेला, खडबडीत, तपकिरी. आणि त्या निःशब्द शहरातून, पाण्यावरून, स्पष्ट, अखंड, एक ‘ओ’ ऐकू आला.

खाणावळीत कोणीतरी धावत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

मग तज्ज्ञाची मुलाखत लागली. टक्कल पडलेला शांत माणूस. “एरवी मला आवाज चालत नाही,” तो म्हणाला. “हात हलतो. पण हा कोणीतरी सूर धरला होता ना, तो जराही हलला नाही. तो संपेपर्यंत आपण फिरवत राहायचं, असं मी मनाशी ठरवलं. नशीब, तो लवकर संपला नाही.” त्याने घाम पुसला. “कोण होतं हो ते?”

सगळी खाणावळ हाबोकडे वळली. हाबोने संकोचाने ओठ मिटले.

“उघड,” गेशे म्हणाली. “आता उघड की!”

हाबो हसला, सगळ्या रंगांत. ओन्नोने त्याच्यापुढे कप सरकवला आणि स्वतःच्या हाताने त्यात खडीसाखर टाकली.